फुलांच्या खोलीचं दार

रागिणीनं बोलावलं होतं एसीवाल्या मोतीराम मिस्त्र्याला, आणि भर दुपारी दारात उभा राहिला भलताच कोणी. तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, खांद्याला हत्यारांची थैली. दुपट्टा सोडला तेव्हा आतून एक शांत चेहरा निघाला…

"मोतीरामकाका आजारी हायेत. मी कुंदन. अमरावतीहून आलो, हप्ताभरासाठी."

"या भाऊ, लवकर पाहा. फुलं मरून राह्यली."

अकोल्याचा मे. मागच्या खोलीत गुलाब-मोगऱ्याच्या टोपल्या भरलेल्या. उद्या बाळापूरच्या लग्नाचे हार त्यांचेच व्हायचे होते. भिंतीवरचा एसी चालू होता, पण हवा अशी, जशी म्हैस तोंडावर उसासा टाकते.

हा एसी रागिणीच्या हट्टाचा. तिची आई माणिकबाई तीस वर्षं ओल्या पोत्याखाली फुलं राखत आलेली. नवऱ्यामागं दुकान एकटीनं ओढलं, त्यामुळं तिच्या शब्दापुढं गल्लीत कोणाची जीभ हलत नाही. पोरीची हलली. तेव्हाच दोघींचं ठरलं होतं. यंत्रानं लग्नसराईत फुलं राखली तर दुकान रागिणीचं, आणि लग्नही तिच्या मर्जीनं. नाही राखली तर चांदूर रेल्वे गावच्या स्थळाला मुकाट हो म्हणायचं.

कुंदननं मीटर लावून पाहिलं. "गॅस पुरा हाय. भरा लागते असं कोणी म्हटलं तरी भरू नका." मग गच्चीवर गेला, आणि खाली आला तो हातात ओलं पोतं घेऊन. "बाहेरच्या मशीनवर हे कोणी गुंडाळलं?"

"मी," माणिकबाई म्हणाली. "उन्हात तापून राह्यलं होतं बापुडं."

"काकू, ते घरातली गरमी बाहेर फेकते. तुमी त्याचं नाकच दाबलं."

माणिकबाईला असं बोलणारा माणूस गल्लीनं पाहिला नव्हता. रागिणीनं ओढणी दातांत धरली. त्यानं ते पाहिलं, आणि उगाच एसीची जाळी काढायला वळला. जाळीवर फुलांची पिवळी भुकटी बोटभर. नळीनं ती धुताना धार तिनं धरली, जाळी त्यानं. पाणी दोघांच्याही मनगटांवरून गेलं…

"अन हा कूलर कायले चालू? खिडकी कायले उघडी?"

"कूलरले खिडकी उघडी लागतेच ना, भाऊ."

"याले बंद लागते. दोघं एका खोलीत नांदत नाई." त्यानं कूलर थांबवला, खिडकी लावली. "आता दार लावा. अर्धा घंटा पाहा लागन."

माणिकबाई उंबऱ्यावर पाय रोवून उभी. "दार नाई लागत. आत जवान पोरगी, अन तू परका."

"मंग फुलं नाई वाचत, काकू."

माणिकबाईनं एकदा गुलाबांकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. मग आपली खुर्ची ओढत आत आणली, दार स्वतः लावलं आणि दाराला पाठ लावून बसली.

खोली हळूहळू शांत झाली. गारवा आधी पायांना लागला, मग गळ्याला. माणिकबाईची मान कलली.

"हप्ता झाला का जाता ना परत?" रागिणीनं हलकेच विचारलं.

"हो. हे नीट चाललं तर."

"चाललंच पायजे. नाई तर मले चांदूर रेल्वेले जा लागन."

"कायले?"

"लग्न करून."

तो उठला, खिडकीची कडी पुन्हा दाबून पाहिली. दाराखालच्या फटीतून ऊन आत येत होतं. त्यानं गळ्यातला दुपट्टा काढला, घडी केली, आणि खुर्चीखालून हात घालून फटीत नीट दाबून बसवला.

"अन तुमी उन्हात जासान कसे?"

"तुमी गुलाब पाहा ना…"

तिनं पाहिला. पाकळी बोटाखाली ताठ झाली होती. मोगऱ्याचा वास पुन्हा वर आला होता. तो थैली भरू लागला. पाना आत, मीटर आत… तिला वाटलं, आता उठेल आणि जाईल.

"कुंदन," ती म्हणाली. "थांबा ना थोडं."

"मघा त भाऊ होता हा."

माणिकबाईचे डोळे मिटलेलेच होते. कुंदनच्या हातातला पेचकस तसाच राहिला. रागिणीनं टोपलीत मान घातली.

माणिकबाई उठली. एक गुलाब उचलला, कानाजवळ नेऊन देठ मोडला. कट् असा आवाज आला. मग कमरेची दुकानाची किल्ली काढून तिनं पोरीच्या ओंजळीत टाकली. "यंत्र जितलं. जाय, चहा ठेव. अन दार लवकर लावजो, थंडी जाते." मग खुर्ची त्याच्याकडं वळवली. "अन तू बस रे. अमरावतीले घरी कोण कोण हाय तुह्या?"

"माय हाय… अन एक लहान बहीण."

"स्वयंपाकात तिखट लागते का कमी?"

रागिणी बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. बाहेर अंग भाजत होतं. तरी ती जागची हलली नाही. दाराखालून दुपट्ट्याचं पांढरं टोक सरकून बाहेर आलं होतं. तिनं वाकून ते आत सारलं… आणि पलीकडून एका हातानं ते हळूच ओढून घेतलं.