कावळा, फांदी आणि मेलेले मासे

“ऐकताना माणसांना रडू यायला हवं,” मावसभाऊ म्हणाला आणि त्याने भाषणाचा कागद ठमीच्या हातून ओढून घेतला.

सुटीला येऊन त्याला आठवडाही झाला नव्हता, पण सगळी वसाहत त्याला ‘वकील’ म्हणू लागली होती. “शिक जरा त्याच्याकडून,” असं आई म्हणाली, की ठमी ताट सरकवून उठायची.

बागेतल्या तळ्यातले मासे मेले होते. मुलं तळ्यात होड्या सोडतात म्हणूनच ते मेले, असं बागेच्या व्यवस्थापककाकांचं म्हणणं होतं. मुलांना बागबंदी करायची का, हे संध्याकाळच्या सभेत ठरणार होतं.

“रडवून काय होणार? मासे कशाने मेले ते शोधू या,” ठमी म्हणाली.

“तू शोध. बोलायचं मी बघतो.”

ठमीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. धाकट्या भावाला घेऊन ती तडक तळ्यावर गेली. मेलेले मासे एकाच कोपऱ्यात तरंगत होते, आणि अवजारांच्या खोलीतल्या मोरीचा पाइप नेमका तिथेच सुटत होता.

“ताई, पाण्याला रंगाचा वास येतोय,” धाकटा म्हणाला.

ठमीने पाण्यावर कागद टेकवला. त्यावर हिरवा, तेलकट तवंग उमटला. खोलीच्या खिडकीतून डोकावलं, तर मोरीत हिरवे ब्रश आणि रंग धुवायच्या टर्पेंटाइनची रिकामी बाटली. बागेचं कुंपण कालपरवाच हिरवं रंगवलं होतं.

“वकिलाला सांगू या?” धाकट्याने विचारलं.

“मुळीच नाही. पडू दे तोंडावर.”

सभेत वकील असा बोलला, की दोन-तीन काकू डोळे टिपू लागल्या. आईचा चेहरा तर नुसता फुलला होता. ठमी नखं कुरतडत बसली.

मग व्यवस्थापककाका उठले. “मुलं होड्या सोडायला लागली आणि मासे मेले. आज मासे गेले, उद्या फुलं जातील, परवा बागच उरणार नाही.”

लोकांच्या माना डोलल्या. वकील गांगरला. “तुम्हाला मुलंच आवडत नाहीत,” तो चिडून म्हणाला.

“हे काही उत्तर झालं नाही,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

ठमीला गार वाटलं, पण क्षणभरच. आता ती गप्प राहिली, तर बागेला कुलूप लागणार होतं.

ती उठली. “काका, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्याने तोडली असं होतं का? होड्या आम्ही गेल्या सुटीतही सोडल्या होत्या. तेव्हा मासे जिवंत राहिले. या वेळी नवीन झालं ते एकच. कुंपण रंगवलं.” तिने तवंगाचा कागद पुढे केला.

अध्यक्षबाईंनी तो हुंगला आणि व्यवस्थापककाकांकडे दिला. ते ओशाळले. “ब्रश तिथे धुवायला मीच सांगितलं. पाइप तळ्यात जातो, हे ध्यानातच आलं नाही.”

बंदी बारगळली. “मुद्दा मांडावा तर असा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. आईनेही ठमीची पाठ थोपटली. ठमीने वळून पाहिलं. वकिलाचे कान लाल झाले होते. त्याच्या मनात काय चाललंय, हे तिला न सांगता कळलं. इतके दिवस ती तेच सोसत होती.

“याच्या भाषणामुळे लोक ऐकायच्या मनःस्थितीत तरी आले,” ती म्हणाली.

“खरंय. दोघांनाही शाबासकी,” अध्यक्षबाई हसल्या.

बाहेर पडल्यावर वकिलाने हळूच विचारलं, “मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुझी फजिती व्हावी म्हणून.”

त्याने लाल झालेले कान चोळले. मग म्हणाला, “हे मात्र पटलं.”