तार खाली उतरवली तेव्हा

जयपूरचा माणूस शेजारच्या खोलीत बसल्यासारखा स्पष्ट बोलत होता. आणि डोंगरापलीकडच्या आरोग्य केंद्रात कामाला गेलेली आई मात्र रेडिओवर मुळीच ऐकू येत नव्हती. लांबचं ऐकू येतं आणि जवळचं नाही, हे शाल्मलीला काही केल्या पटेना.

सन २०६१ मधली ही गोष्ट. आठवड्यापूर्वी सूर्यावर मोठं वादळ झालं होतं. त्यातून निघालेल्या कणांच्या माऱ्यानं कितीतरी उपग्रह बंद पडले. फोन मुके झाले, वाट दाखवणारं कोणी नाही म्हणून ड्रोन उडेनासे झाले. साळशिंगे गावात बोलतं राहिलं ते एकच यंत्र, कुमुदआत्याचा हौशी रेडिओ (परवाना काढून छंद म्हणून चालवायचा, ज्यावर ऐकताही येतं आणि बोलताही). आत्या निवृत्त शास्त्रज्ञ. "हा काय जुना डबा घेऊन बसलीस?" असं गाव तिला चिडवायचं. आता तेच गाव तिच्या ओसरीवर येऊन बसू लागलं होतं.

दुपार कलताना शेजारचे बस्त्यावकाका सायकल हाणत आले. "कुमुदबाय, पुलाचो मधलो खांब खचलो! मी हयसून वाट अडवूक दोरी बांधलंय, पण पलीकडे जाऊन सांगतलो कोण?"

पलीकडे जायला तोच एक पूल. आणि आई आज अंधार पडल्यावर त्याच पुलावरून गाडी घेऊन परतणार होती.

"आई हजेरीला असेलच ना गं आत्या?"

"असणारच," आत्या म्हणाली.

रोज संध्याकाळी आसपासचे सगळे रेडिओवाले एकमेकांची हजेरी घेत. एरवी ती डोंगरमाथ्यावरच्या रिपीटरवरून (ऐकलेला संदेश पुन्हा जोरात पाठवणाऱ्या यंत्रावरून) चाले. तो बंद पडला तर सगळ्यांनी त्याच वेळी चाळीस मीटरच्या पट्ट्यावर (ठरावीक लांबीच्या लहरींवर) यायचं, असा या रेडिओवाल्यांच्या मंडळाचा रिवाज होता. वादळापासून रिपीटर बंदच होता. पण आई आरोग्य केंद्रात गेल्यापासून, गेले दोन दिवस, ती या पट्ट्यावर सापडत नव्हती.

"डोंगर आडवा येतो म्हणून?" शाल्मलीनं विचारलं.

"सरळ जाणाऱ्या लहरींना येतो. पण आपल्या लहरी वर जातात. तिथे आयनांबर असतं (सूर्यकिरणांमुळे विद्युतभारित झालेले हवेचे उंचावरचे थर). वादळानं तेही बिघडलं होतं, आता सावरलंय. त्यावरून लहरी परत जमिनीकडे वळतात."

"मग आईकडे का नाही वळत?"

अंगणात दोन उंच माडांच्या शेंड्यांना बांधलेल्या एरियलच्या तारेकडे आत्यानं पाहिलं. ती तार म्हणजे तिचा अभिमान. आईनं मात्र आरोग्य केंद्रात तार व्हरांड्याच्या खांबांना बांधली होती आणि आत्या त्या तारेला कपडे वाळत घालायची दोरी म्हणून हसायची.

"शाल्मली, बागेला पाणी घालताना नळी तिरपी धरलीस तर पाणी कुठे पडतं?"

"लांब. कुंपणापर्यंत."

"आणि सरळ वर धरलीस तर?"

"माझ्याच डोक्यावर!" शाल्मली ताडकन उठली. "म्हणजे आपल्या लहरी तिरप्या जातात? आईच्या डोक्यावरून थेट जयपूरला?"

"अगदी तसंच. तार उंच असली की या पट्ट्यावरच्या लहरी तिरप्या सुटतात, सरळ वर जवळजवळ जातच नाहीत. तार खाली आणली की जमीन त्यांना वर परतवते. मग त्या वरून आपल्याच आसपास उतरतात, डोंगराच्या दोन्ही अंगांना. तुझ्या आईची दोरीच बरोबर होती. मी आपली उंचीच्या तोऱ्यात राहिले."

बस्त्यावकाकांनी दोर सैल केले. तार घराच्या वळचणीइतकी खाली आली. एका बाजूला बांधायला काही मिळेना, म्हणून आत्या स्वतःच दोर ताणून उभी राहिली आणि ओरडली, "हजेरीची वेळ झाली. तू बोल!"

रेडिओवर बोलायचा परवाना मिळून सहा महिने झाले तरी शाल्मली नुसती ऐकत आली होती. चुकलं तर लोक हसतील, या भीतीनं तिनं एकदाही तोंड उघडलं नव्हतं. पण आज हसण्याची पर्वा करायला वेळच नव्हता. आधी ऐकून पट्टा मोकळा असल्याची तिनं खात्री केली, बटण दाबलं, आपलं सांकेतिक नाव सांगितलं आणि म्हणाली, "आई, पूल खचलाय. येऊ नकोस. आई, ऐकू येतंय का? पुलावर येऊ नकोस, आई..."

ती थांबेचना. बटण दाबलेलं असताना समोरचं ऐकू येत नाही, हे शंभरदा शिकलेलं ती पार विसरली. शेवटी बस्त्यावकाकांनी तिचं बोट हळूच उचललं.

"...इथेच राहते रात्री," आईचा आवाज मध्येच सुरू झाला, खरखरीत पण अगदी तिचाच. "पूल नीट होईपर्यंत निघत नाही. कुमुदताईंना सांग. आणि शाल्मली, किती छान बोललीस गं!"

शाल्मलीला रडू आवरेना.

आईपाठोपाठ घाटातल्या गावांचे आवाज येऊ लागले. वादळापासून आत्याला त्यातला एकही ऐकू आला नव्हता. शाल्मलीनं प्रत्येकाला उत्तर दिलं.

"उद्याची हजेरी मी घेऊ?" तिनं रात्री विचारलं.

"घे. पण उपग्रह पुन्हा सुरू झाल्यावरही रोज घ्यावी लागेल. सांगण्यासारखं काही नसेल त्या दिवशीसुद्धा. आज तुझी आई तिथे कान लावून बसली होती, ती रोज बसते म्हणूनच."

शाल्मलीनं मान डोलावली. वर्गातल्या दोघीतिघींना तरी परवाना काढायला लावायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं. तार काय, शाळेच्या व्हरांड्यातही मावेल.