शेवटच्या गल्लीतली हाक

त्या शेवटच्या गल्लीत कुणी कुणाला हाक मारत नाही, नुसतं रॅकच्या लोखंडावर ठोकतात, हे तुझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं म्हणजे तुझे कान शाबूत आहेत. बस इथं. डबा उघड. सांगते, पण हळू आवाजात सांगते. पलीकडच्या टेबलाशी पाठमोऱ्या बसून खोके चिकटवतायत ना, त्या माझ्या वन्सं. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हे त्यांच्या कानावर जायला नको.

घरी आमचा छत्तीसचा आकडा. मी भाजी चिरली की त्यांना फोडी मोठ्या वाटणार, मी चादर घातली की त्या काढून पुन्हा झटकून घालणार. पण या गोदामात मला आणलं त्यांनीच. आणि इथलं दार ओलांडलं की बाई वेगळीच. तेव्हा त्या माल काढायच्या आणि मी बांधायचे. हातातल्या यंत्रावर ऑर्डर उमटली की त्या ट्रॉली घेऊन निघायच्या, फळीवरची वस्तू काढायच्या, ट्रॉली माझ्या टेबलाशी आणून लावायच्या. मी वस्तू तपासून गुंडाळायची, खोक्यात घालायची, टेप मारायची, पत्ता चिकटवायचा आणि फिरत्या पट्ट्यावर खोका सोडून द्यायचा. पलीकडे गाड्या लागतात, तिथे खोका गेला की आपलं काम संपलं.

उंचावरचा माल काढायला ती उभी राहायची गाडी आहे. माणसाला घेऊनच वर जाते. आम्ही तिला पाळणा म्हणतो. त्यात चढणारी बाई म्हणजे एकट्या वन्सं. ड्रायव्हर मंडळी चिडवायची, "आजी, या वयात पाळणा?" तर त्या वरूनच म्हणायच्या, "अंगाई येत असेल तर म्हण, नाहीतर बाजूला हो." कामात मात्र चोख. अंगाला पट्टा, पट्ट्याचा आकडा कडीत अडकवल्याशिवाय पाळणा हलायचा नाही. आणि जमिनीला टेकल्याशिवाय आकडा सुटायचा नाही. मला रोज बजावायच्या, "घाई करणाऱ्याचा खोका वेळेवर जातो, माणूस घरी नाही जात."

तो सुट्टीचा दिवस होता. मोठा सेल लागलेला, आणि अर्धी माणसं रजेवर. जेवणं झाली होती. सुपरवायझर होता, गाड्यांच्या बाजूला दोन-चार हमाल होते, आणि आत आम्ही दोघीच. माझ्या टेबलावर एक खोका उघडाच राहिलेला. त्यातला काचेचा जग यायचा होता.

"शेवटच्या गल्लीत आहे, वरच्या फळीवर," वन्सं म्हणाल्या. "आणते, मग चहा घेऊ."

त्या गेल्या. पाळण्याची घरघर वर चढत गेलेली मी ऐकली. मग थांबली. मग खाली यायला लागली... आणि दिवे गेले.

या गोदामाला खिडकी नाही हे तू पाहिलंसच. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. पंखे फिरत फिरत थांबले. खोक्यांचा पट्टा थांबला. त्यांच्या आवाजाची इतकी सवय झालेली असते की तो गेला की कान दुखतात. पुठ्ठ्याचा वास एकदम दाटला. त्याच्याखाली आणखी एक वास होता. बंद पेटी खूप दिवसांनी उघडावी तसा, कोंडलेल्या श्वासाचा.

"आहे तिथंच थांबा सगळे!" सुपरवायझर लांबून ओरडला. "जनरेटर बघतो." मोबाइल आम्ही दारातच जमा करतो, त्यामुळे उजेड म्हणून काही नाही. मी टेबलाची कड धरून उभी राहिले.

वन्संचा पाळणा थांबला होता. तो बॅटरीवर चालतो, पण दिवे गेले की मुठीवरून हात काढून घ्यायचा, हा नियम. म्हटलं, बसल्या असतील शांत.

मग मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

दबकं. माणूस जवळच्या माणसाशी बोलतं तसं. शब्द कळेनात, पण मध्येच "हो गं, हो" म्हणाल्या, आणि हसल्यासुद्धा. मला बरं वाटलं. म्हटलं, हमालांतली कुणी बाई आत आली असेल. पण हमालांत बाई नव्हतीच. हे माझ्या डोक्यात यायला थोडा वेळ लागला.

"वन्सं?" मी म्हटलं. "कुणाशी बोलताय?"

तिकडचं बोलणं थांबलं. दोघींचंही. म्हणजे मला तोवर एकच आवाज ऐकू येत होता असं वाटलं होतं, पण थांबल्यावर कळलं की दोन होते. आणि दुसरा ओळखीचा होता. कुठं ऐकलाय ते मात्र आठवेना.

काळोखात लोखंडावर लोखंड वाजलं. टिक्. पट्ट्याचा आकडा कडीतून सुटला की होतो तसा आवाज.

मी ओरडणार, एवढ्यात पाळण्याची पुढची दांडी वर उचलल्याचा आवाज झाला. मग काहीतरी हलकं खाली पडलं... आणि दिवे आले.

मी धावले. शेवटच्या गल्लीत वन्सं पाळण्यातच होत्या, पण पाळणा जमिनीवर नव्हता. तिसऱ्या फळीच्या उंचीवर होता. दांडी उघडी. आकडा सुटलेला. वन्सं तळाशी बसल्या होत्या, दोन्ही हातांनी मागचा गज घट्ट आवळून. एक पाय अजून बाहेर लोंबत होता. चप्पल खाली जमिनीवर पडलेली.

"वन्सं! काय झालं? हलू नका!"

त्यांनी खाली पाहिलंच नाही. तशाच म्हणाल्या, "माझ्या भावाला लहानपणी मी काय म्हणायचे?"

"अं?"

"सांग आधी!"

"भोपळा," मी म्हटलं. "भोपळा म्हणायचात. अजून म्हणता."

तेव्हा कुठे त्यांनी पाय आत घेतला आणि रडायला लागल्या. वीस वर्षांत त्या बाईला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

पाळणा खाली आल्यावर चहाचा कप त्यांच्या तोंडाशी मी धरला. मग त्यांनी सांगितलं. दिवे गेले तेव्हा पाळणा खाली येत होता, किती आला ते अंधारात कळेना. तेवढ्यात अगदी खालून, जवळून, माझा आवाज आला. "टेकलाय पाळणा. उघड ती दांडी. पट्टा सोड, ये. मी धरलंय."

"तुझाच आवाज गं. सर्दी झाल्यावर घोगरा होतो, तोसुद्धा. मी म्हटलं, हो गं, हो, येते. काहीतरी थट्टाही केलीस, मी हसले. पट्टा सोडला. पाय टाकला. आणि मग तू पुन्हा म्हणालीस, 'ये की, घाबरतेस काय?'" वन्संनी माझ्याकडे पाहिलं. "तू मला कधी 'ये' म्हणाली आहेस? भांडताना तरी?"

मी मान हलवली. भांडण विकोपाला गेलं तरी माझ्या तोंडून "तुम्ही" सुटलेलं नाही.

"पहिल्यांदा ध्यानात आलं नाही, पण त्या दुसऱ्या 'ये'नं वाचले," त्या म्हणाल्या.

सुपरवायझरनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, अंधारात भीतीनं भास होतात, पट्टा सोडला ही चूकच. बरोबर आहे त्याचं, त्याला वरच्या साहेबांना उत्तर द्यायचं असतं. पण हात धुवायच्या जागी साफसफाई करणारी बाई भेटली. फार बोलत नाही ती. तिचा नवरा इथंच माल काढायचा. उंच होता, म्हणून त्याला सगळे उंट म्हणायचे. आम्ही यायच्या आधी त्याच पाळण्यातून पडला होता. पट्टा न लावता चढला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

तिनं फडकं पिळता पिळता वन्संना विचारलं, "कुणाच्या आवाजात बोलावलं?"

वन्संनी माझ्याकडे बोट केलं.

"मला त्यानं दवाखान्यात शेवटपर्यंत एकच विचारलं," ती म्हणाली. "'तू खालून का बोलावलंस?' मी तोवर या गोदामात पाऊलही टाकलं नव्हतं, ताई."

तेव्हापासून त्या गल्लीत तोंडानं कुणी बोलत नाही. ठोकायचं. एकदा ठोकलं की थांब, दोनदा ठोकलं की खाली माणूस आहे. सुपरवायझरनंही ते मान्य केलं. वन्संनी पाळणा सोडला. आता बांधायलाच बसतात, माझ्या शेजारच्या टेबलाशी. घरी भाजीच्या फोडींवरून बोलत नाहीत. एका रात्री जेवताना म्हणाल्या, "आता मला अगंतुगं कर, आपण काय परक्या आहोत?" मी म्हटलं, "नको. 'तुम्ही' म्हणते तोवर मी ती मीच, हे तुम्हाला कळेल." त्या हसल्या. मला वाटलं, संपलं एकदाचं.

परवापर्यंत वाटत होतं.

परवा भरदुपारी, दिवे लख्ख चालू, पट्टा चालू, हमालांची आरडाओरड चालू. मी एक खोका चिकटवत होते. वन्सं हातभर अंतरावर कागद गुंडाळत होत्या. आणि शेवटच्या गल्लीतून माझा आवाज आला. शांत, आर्जवी. सकाळपासून मला सर्दी होती, आणि तो आवाजही तेवढाच घोगरा होता.

"वन्सं, या ना जरा. तुम्ही आल्याशिवाय मला जमायचं नाही."

या. तुम्ही.

माझ्या हातातली टेप गळून पडली. वन्संनी कागद खाली ठेवला, पदर खोचला आणि "आले गं" म्हणून उठल्या. मी शेजारी बसलेली असताना! दोन पावलं गेल्यासुद्धा. मी झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं.

"वन्सं, कुठं निघालात? मी इथं आहे!"

त्या वळल्या. माझ्या चेहऱ्याकडे, मग माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. भाजीवाल्यानं दिलेली नोट उजेडात धरून बघावी तसं. मग हळूच त्यांनी आपलं मनगट सोडवून घेतलं.

"तीही हेच म्हणते..."