निम्म्या वेगाची खिडकी

चष्म्याची डबी रिकामी होती.

युनिटनं ती तळहातावर आपटून पाहिली. डबीत चष्मा कधीच नसायचा, कॅमेऱ्याचं कार्ड असायचं. आता तेही नव्हतं. टेबलावर जिथं हार्ड डिस्क असायची तिथं धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता आणि तिची वायर मान टाकून लोंबत होती.

कॅमेरा जागेवर. लेन्स जागेवर. लॅपटॉपही जागेवर, तो उघडला तर क्लिपांची नुसती नावं दिसली आणि प्रत्येक नावापुढं लाल खूण. फाइल सापडत नाही.

विकण्याजोगं सगळं चोरानं सोडलं होतं. नेलं होतं फक्त एक गाणं.

फोन वाजला. गायिका.

"युनिट, झाली का गं कॉपी?"

"करतेय."

"बाकीचं गाणं गेलं खड्ड्यात. मला तो खराब टेक दे. आई चालत येते तो. तिचा चालता-बोलता एवढाच तुकडा आहे. फोटो ढीगभर आहेत, पण फोटोत ती आई वाटतच नाही. पासपोर्ट काढायला बसलेली कुणीतरी बाई वाटते."

"देते," युनिट म्हणाली.

युनिट म्हणजे कोण

एवढं आधी सांगून टाकू. तिच्या पहिल्या शूटिंगला एका हॉलच्या मॅनेजरनं विचारलं होतं, "बाई, तुमचं युनिट कुठंय?" तिच्या एका खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्यावर स्टँड, काखेत थर्माकोल, दातांत चिकटपट्टी. चिकटपट्टी काढून ती म्हणाली, "मीच युनिट." ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

दिग्दर्शन तिचं, कॅमेरा तिचा, एडिटिंग तिचं, जेवणाचे डबे तिनंच आणायचे आणि बोलणीही तिनंच खायची. हात सदा भरलेले, म्हणून खोलीची किल्ली बाहेर मीटरच्या खोक्यावर. जे जे तिच्याकडून गाणं करून घेत, त्यांना ती ठाऊक असायची.

आणि तिचा एक नियम होता. खराब टेक कधीही पुसायचा नाही.

टेक एक, खराब

परसातली भिंत. भिंतीवर उन्हाचा एक चांगला तुकडा. वर गायिकेच्या आईच्या खोलीची खिडकी. गायिका भिंतीपाशी उभी, आणि तिचा गिटारवाला एका हातानं थर्माकोल धरून उजेड तिच्या चेहऱ्यावर फेकतोय, दुसऱ्या हातानं स्पीकर सांभाळतोय. ह्या गिटारवाल्याला सगळे 'कोपर' म्हणायचे, कारण युनिटनं केलेल्या आधीच्या दोन व्हिडिओंत त्याचं फक्त कोपर आलं होतं.

गाणं संथ होतं. युनिटला केस, पानं, दोरीवरचे कपडे असं सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलायला हवं होतं, पण ओठ गाण्याशी जुळायला हवे होते. त्याची युक्ती जुनीच. शूटिंगला गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, गायिकेनं तितक्याच घाईनं ओठ हलवायचे, आणि मग एडिटिंगला चित्र निम्म्या वेगावर आणायचं. पडद्यावर जादू होते. तिथं उभं राहून बघणाऱ्याला मात्र वाटतं, सगळ्यांचं डोकं फिरलंय. तो एवढा व्याकूळ आवाज स्पीकरमधून चिंचिं करत बाहेर पडत होता.

टेक रंगात आला आणि आई हातात फडकं घेऊन थेट फ्रेममध्ये चालत आली.

"अगं, हे काय? गाण्याला कुणी चावी दिली का?" मग कॅमेऱ्याकडं बघून, "चहा टाकू का सगळ्यांना?"

कट. स्पीकर बंद. सगळे हसले. आईसुद्धा हसली, पण जिना उतरल्यानं तिला धाप लागली होती. तेवढ्यात गायिकेचा दादा बाहेरून आला. स्कूटर लावतोय तोच बहिणीनं हाक मारली.

"दादा, आईला वर ने रे. आणि जवळ बस जरा."

"आणि प्लीज, दार लावून घ्या," युनिट म्हणाली. "ऊन चाललंय माझं."

ते दोघं वर गेले. वाऱ्यानं थर्माकोल पडला, तो उभा करण्यात थोडा वेळ गेला. मग उरलेले टेक, सगळे तसेच चिंचिं आवाजात. शेवटी सामान आवरलं, गायिका वर गेली, आणि वरून तिची किंकाळी आली.

खिडकीजवळच्या खुर्चीत आई गेलेली होती. बसल्या बसल्या हृदय थांबलं असणार, डॉक्टर म्हणाले.

दाखवलं तेव्हा

पुढं काही दिवसांनी गायिका, दादा आणि कोपर युनिटच्या खोलीवर आले. युनिटनं एक शॉट निम्म्या वेगावर लावला.

गायिका स्वतःच्या चेहऱ्याकडं बघत होती, चौथ्या-पाचव्या क्षणालाच म्हणाली, "बंद कर. नाही बघवत." कोपर स्वतःचं कोपर शोधत होता. दादा पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडं किंचित झुकला होता. कोण कुठं बघतंय हे बघण्यातच युनिटचं आयुष्य गेलेलं, म्हणून तिच्या ते ध्यानात राहिलं. तिथं काय आहे हे तिनं स्वतः मात्र पाहिलं नाही. शूटिंगच्या दिवशीही नाही. एकटं माणूस चेहरा सांभाळील की मागची भिंत?

"ह्यातही मी नाही!" कोपर उसळला. "एक दिवस उडवून टाकीन तुझं सगळं. उडालं तर काय करशील गं?"

"रडेन. ह्या डिस्कमध्ये आहे आणि ह्या कार्डात. तिसरीकडं कुठंही नाही." तिनं चष्म्याची डबी खुळखुळवून दाखवली.

तिघांनीही पाहिली.

कोपर

"डिस्क तू नेलीस?"

"मी?" गिटारच्या तारा बदलता बदलता कोपरनं मान वर केली. "का?"

"उडवून टाकीन म्हणालास."

"मी रोजच म्हणतो. गेल्या महिन्यात शेजाऱ्याला उडवणार होतो. आहे की तो ठणठणीत."

"राग आहे ना तुझा?"

"असणारच. परवा सासऱ्यांनी दारात स्वागत केलं, 'या कोपरराव!' हसू नकोस. पण राग तुझ्यावर, त्या गाण्यावर नाही. दिवसभर स्पीकर मी वाजवला. अजून मूळ चाल आठवायला गेलो की आधी ती चिंचिंच कानात येते." त्यानं तार ताणली. "पोलिसांत जा."

"काय सांगू? खराब टेक चोरीला गेला?"

कोपरनं तार खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "तिला कळवलंस?"

"नाही अजून."

"नको कळवूस. आधी शोध."

वरची खोली

गायिकेनं युनिटला आईची खोली दाखवली. खुर्ची तशीच होती. खिडकीला नवाकोरा जाड पडदा लागला होता. घड्याही अजून मोडल्या नव्हत्या.

"मी कडी काढून आत आले ना, तर वाटलं झोपलीय. हात कोमट होता अजून." गायिका खुर्चीच्या दांड्यावरून बोटं फिरवत राहिली. "दादा सांगतो त्यावरच तगून आहे बघ मी."

दादा दारात उभा होता. युनिटनं त्याच्याकडं पाहिलं.

"तुम्ही इथंच होतात, दादा?"

"इथंच. पलंगावर. आईचा हात हातात घेऊन."

"काही बोलल्या?"

"नाही. डोळे मिटून ऐकत होती. खालून हिचं गाणं येत होतं, इतकं संथ, इतकं गोड. दुसऱ्या ओळीत आवाज लांबतो ना, तिथं तिनं माझा हात जरासा दाबला. मग झोप लागलीसं वाटलं. गाणं संपल्यावर अलगद उठलो, दार ओढून घेतलं."

"माझं गाणं ऐकत ऐकत गेली," गायिका म्हणाली. ती रडत होती आणि रडता रडता हसत होती.

"हा पडदा कधी लावलात?"

"हल्लीच. असाच," दादा म्हणाला. "ऊन येतं."

पॉज

चित्र इथं थांबवू. चोर ओळखायला जे लागतं ते सगळं पडद्यावर येऊन गेलंय. युनिटलाही ते जिना उतरताना, शेवटून तिसऱ्या पायरीवर, कळलं आणि ती कठडा धरून उभी राहिली.

चोर सापडल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. बोलावं तर गायिकेच्या हातातला तो एवढासा आधार काढून घ्यायचा. गप्प राहावं तर चालती-बोलती आई कायमची गेली.

प्ले

तिनं एकट्या दादाला बोलावलं होतं. दादा बहिणीला घेऊनच आला.

"हिच्यासमोर नको," युनिट म्हणाली.

"माझ्यासमोर काय नको?" गायिका खुर्ची ओढून बसली. "सापडली नाही ना डिस्क? कोपरच्या तोंडात काही राहत नाही. बोल."

युनिटनं लॅपटॉपवर कोपरकडून आणलेलं गाणं लावलं. दुप्पट वेगानं. खोलीभर चिंचिं झाली. दादा दचकला.

"हे काय?"

"ओळखा."

"हे... हे कुठलं कार्टून?"

गायिका हळूहळू त्याच्याकडं वळली. "दादा, हे माझं गाणं आहे. शूटिंगला हेच वाजत होतं. दिवसभर. दुसरं काहीच वाजलं नाही."

गाणं आपलं चिंचिं करत संपलं.

"तुम्ही आलात तेव्हा स्पीकर बंद होता," युनिट म्हणाली. "आईंना वर नेलंत तेव्हाही बंदच होता, आम्ही थर्माकोल उभा करत होतो. पुन्हा सुरू झाला तोवर तुम्ही घरात नव्हता. असतात, तर संथ आणि गोड म्हणाला नसता. घरात हिचा रियाज ऐकलात, तेच गाणं त्या दिवसाला जोडलंत. आणि ही कडी काढून आत गेली. कडी बाहेरून होती. झोपलेल्या आईला बाहेरून कडी कोण घालतं, दादा? जागी आई पुन्हा खाली येऊ नये म्हणून घालतात."

"युनिट, पुरे," गायिका म्हणाली.

"पुरे कसं? त्या दिवशी इथं आपण तुझा चेहरा बघत होतो, हे खिडकी बघत होते. घरी जाऊन त्याच खिडकीला पडदा लावला. किल्ली कुठं असते ते ह्यांना माहीत होतं. कॅमेरा नेला नाही, लॅपटॉप नेला नाही. जे नेलं ते मोडलंही नसणार. आई आहे त्यात. दादा, कुठंय?"

दादानं दोन्ही तळहात गुडघ्यांवर घासले. माणूस एवढा थोराड, पण आवाज आला तो शाळेत उभं केलेल्या पोरासारखा.

"पुढच्या दारानं नाक्यापर्यंतच गेलो होतो. सिगारेटला. कुणीतरी भेटलं, बोलत बसलो. तूच म्हणालीस ना, दार लावून घ्या?" तो युनिटकडं बघत होता. "मी लावलं. बाहेरून."

युनिटला ते वाक्य टाळता आलं नाही. ते येऊन बसायचं तिथं बसलं.

"आणि मग इथं पडद्यावर बघतो तर आई खिडकीत. हात जोडतेय. पुन्हा पुन्हा. हळूहळू. खाली परसात तुम्ही तिघं, आणि ती वरून हात जोडतेय, कुणीतरी दार उघडा म्हणून. ते संपतच नव्हतं. मला वाटलं, हिनं हे बघितलं तर..." त्यानं खिशातली किल्ली चाचपली. "स्कूटरच्या डिकीत आहे. टाकायला दोनदा पुलापर्यंत गेलो. नाही टाकवली."

गायिका उठली, त्याच्यासमोर हात पसरला. त्यानं किल्ली दिली. ती खाली जाऊन डिस्क आणि कार्ड घेऊन आली; कार्ड डबीत टाकलं, डिस्क टेबलावर, धुळीतल्या त्याच चौकोनात ठेवली.

"लाव. तोच शॉट."

"नको गं," दादा म्हणाला.

"लाव. पण निम्म्या वेगानं नको. झालं तसं."

झालं तसं

युनिटनं चित्रातली खिडकी मोठी केली. धूसर काच, काचेमागं आई. स्पीकरची चिंचिं सुरू झाली, आणि आईचे हात हलू लागले. झटपट, ठेक्यावर, एकही मात्रा न चुकवता.

ती टाळ्या वाजवत होती.

मान डोलवत होती. एकदा तर हसून हसून तिनं फडक्यानं डोळे पुसले, पुन्हा ठेका धरला. मग जरा छातीवर हात ठेवला, मागं पाहिलं, आणि शांतपणे खुर्चीच्या बाजूला फ्रेमबाहेर गेली. खिडकी रिकामी झाली. खाली गायिका तशीच घाईघाईनं ओठ हलवत राहिली.

तेवढंच. निम्म्या वेगावर तेच हात याचना करत होते.

दादा तोंड झाकून रडू लागला.

"कडी होतीच पण," गायिका म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "मागं वळून बघितलं तिनं. दार बंद होतं."

"हो," दादा हातांआडून म्हणाला.

"आणि हात दाबला, दुसऱ्या ओळीला. ते कुठून आणलंस?"

"मला वाटलं," दादा म्हणाला, "मी तिथं असतो तर दाबला असता."

मग गायिकेनं न सांगताच युनिटनं तो खराब टेक लावला. परस, भिंत, ऊन. फडकं घेतलेली आई चालत चालत मोठी होत गेली, पडदाभर झाली, आणि थेट त्यांच्याकडं बघून म्हणाली, "चहा टाकू का सगळ्यांना?"

"टाक," दादाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

गायिकेनं त्याच्याकडं पाहिलं नाही. पण खुर्ची सरकवली, एका माणसापुरती, आणि म्हणाली, "पुन्हा लाव."