मनुमेआचे सात सेकंद

सवाईई बेटावरच्या बसमध्ये जागा संपली की माणसं सरळ एकमेकांच्या मांडीवर बसतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण त्या शनिवारी मांडी हवी होती ती तालिताच्या कम्प्युटरला. कमरेला नेसायच्या लाव्हालाव्हात गुंडाळलेलं ते धूड पोटाशी धरून ती दारातच अवघडून उभी होती.

"द्या इकडे," खिडकीजवळचा तरुण म्हणाला.

"नको... आजारी आहे तो."

"मग तर द्याच. मी याच रोगाचा वैद्य आहे."

थापाड्या! तिला वाटलं. बंदरावरचं दुरुस्तीचं दुकान बंद, म्हणून ती आल्या पावली परत निघालेली, आणि नेमका याच बसमध्ये वैद्य भेटावा? पण त्यानं तो कम्प्युटर असा अलगद घेतला, प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी असा उचलून धरला, की गाव येईपर्यंत तालिता त्या हातांकडेच बघत राहिली. त्याचं नाव फेरेती. पलीकडच्या बेटावर, आपिआ शहरात तो कम्प्युटर दुरुस्त करायचा आणि रविवारच्या जेवणाला पुढच्या गावी बहिणीकडे चालला होता.

"होतंय काय त्याला?"

"आतून टक्‌टक् करतो. तीन दिवस आत्या झाडू घेऊन पाल शोधत होती."

फेरेती हसला नाही. तेव्हा मात्र तालिताच्या मनात खरोखर पाल चुकचुकली. तिचं गाव आलं तसा तोही तिच्याबरोबर खाली उतरला.

तालिताच्या घरी चटईवर बसून त्यानं कम्प्युटर उघडला. "हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. आत आहे तरी काय?"

"मनुमेआचा आवाज. सात सेकंद."

त्याचे हात थांबले. मनुमेआ त्यानं फक्त चित्रात पाहिला होता. अख्ख्या बेटावर ते पक्षी किती उरलेत, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. तालिता गावच्या शाळेत शिकवायची आणि सहा वर्षं रोज पहाटे जंगलात जाऊन पाखरांचे आवाज टिपायची. त्या सहा वर्षांत मनुमेआ एकदाच बोलला होता. आणि आता ते जंगल तोडायला द्यायचं की नाही, हे सोमवारी गावच्या प्रमुखांची सभा ठरवणार होती. "पक्षी आहे म्हणतेस ना पोरी, मग ऐकव," असं त्यांनी तिला बजावलं होतं.

"दुसरी प्रत?"

"करणार होते..." तिची मान खाली गेली.

"सगळेच करणार असतात," तो म्हणाला, पण टोचून नाही. मग त्यानं पिशवीतून स्वतःच्या कम्प्युटरसाठी घेतलेली कोरी डिस्क काढली. "ऐका. जुनी डिस्क आता एकदाच सुरू करायची. आधी तिच्यातलं सगळं जसंच्या तसं या नवीवर उतरवायचं, मगच अदलाबदल. मध्ये थांबायचं नाही, आणि तिला तापू द्यायचं नाही."

आत्यानं कोपऱ्यातला विणलेला पंखा उचलून तालिताच्या हातात दिला.

डिस्क फिरू लागली. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा मुंगीच्या पावलानं सरकत होता. जिथं अडे तो तुकडा सोडून फेरेती पुढे जायचा, मग मागे वळून पुन्हा तोच मागायचा, रुसलेल्या मुलाची समजूत काढावी तसा. तालिता वारा घालता घालता थक्क होऊन बघत होती. सहा वर्षांच्या पहाटा, पाऊस, पंखांची फडफड... सगळं एका बोटभर वायरमधून चाललं होतं!

"काही दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि तरी सगळं इकडून तिकडे जातंय. भीतीच वाटते हो मला."

"मलाही वाटते," तो हळूच म्हणाला. "रोज करतो, तरी वाटते." आणि मग तिच्याकडे बघून, "हात दुखला असेल. द्या पंखा."

"तुम्ही डिस्क सांभाळा. हात माझा आहे."

"बघतोय मी तो... मघापासून."

तालितानं पंखा इतका जोरात हलवला की आत्या खाकरली.

सूर्य बुडायला आला तेव्हा सगळं उतरलं होतं. राहिला होता एकच तुकडा, आणि तो नेमका मनुमेआचा. तेवढ्यात शंख वाजला. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ! आता गावच्या नियमाप्रमाणे दुसरा शंख होईपर्यंत रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, कामाला हात लावायचा नाही.

"अडकलात तुम्ही," तालिता पुटपुटली.

"बरं झालं."

तिघं मांडी घालून बसले. पंखा तालिताच्या मांडीवर निपचित. माणसांनी काम थांबवलं, पण डिस्क थांबेना. टक्... टक्‌टक्... आवाज वाढत चालला. फेरेतीनं दुरूनच तिच्यावर तळवा धरून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. तालिताला रडू फुटायचंच बाकी होतं.

आत्याचे डोळे मिटलेले होते, आवाज खणखणीत. "हे प्रभू, या वेळी काम करू नये, आम्हांला ठाऊक आहे. पण तापलेल्याला वारा घालणं म्हणजे काही काम नव्हे. तेव्हा पंखा धरणाऱ्या हाताला बळ दे. आणि तो हात लवकर हलू दे!"

तालितानं पंखा उचलला. वारा घालून घालून तिचा हात भरून आला होता, म्हणून त्याचाही हात दांड्यावर आला. आत्यानं त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांची नावं घेतली, मेलेल्यांचीसुद्धा. प्रार्थना इतकी लांबलेली त्या घरानं कधी ऐकली नव्हती.

अचानक टक्‌टक् थांबली. डिस्क गेली. पण पडद्यावरचा आकडा शंभरावर होता. बाहेर दुसरा शंख वाजला.

सोमवारी काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. प्रमुखांनी ते ध्वनिमुद्रण चार वेळा वाजवायला लावलं, सगळ्यांत म्हातारे प्रमुख डोळे पुसत उठले, आणि जंगल राहिलं. पण ते सोमवारचं.

शनिवारी फेरेतीनं नवी डिस्क बसवली, कम्प्युटर सुरू करून दिला आणि पिशवी खांद्याला लावली. "जुनी टाकू नका. महिनाभर जपून ठेवा. येतो मग... रस्ता मोकळा झाला."

"ऐकून तर जा," तालिता म्हणाली. तिनं फाइल सुरू केली.

आधी नुसती पानांची सळसळ. आणि मग जंगलाच्या पोटातून, खोल, हंबरल्यासारखी ती साद आली. आत्याचा हात छातीवर गेला. लहानपणी ऐकलेला आवाज होता तो. साद विरली... पण ध्वनिमुद्रण संपलं नव्हतं. पाठोपाठ एक कुजबुज आली, पहाटेची, ओली, तालिताची स्वतःची. एरवी साद संपली की ती फाइल बंद करायची; आपण असं काही बोललो होतो हे तिच्या लक्षातही नव्हतं.

"जाऊ नकोस ना... थांब ना थोडा."

तालिताचा चेहरा लालबुंद झाला. "ते... ते मी पाखराला..."

फेरेतीनं खांद्यावरची पिशवी हळूच खाली ठेवली.

"नाही जात," तो म्हणाला.

आत्या उठली आणि चुलीवर कोको ठेवायला गेली. जाताना तिनं तीन पेले उचलले.