कुंपणाआडचे नऊ पेंग्विन

"दुपारी बारा वाजता नगरपालिकेचे लोक माझ्या कुत्र्याला मारणार आहेत," किनाऱ्यालगत राहणारा ट्रॉलिप म्हणाला. "पेंग्विनांच्या ओरडण्याची मी दहा वर्षं तक्रार करतोय. मग संशय कुणावर जाणार?"

दक्षिण आफ्रिकेतल्या सायमन्स टाउनच्या किनाऱ्यावर त्या सकाळी नऊ पेंग्विन मेलेले सापडले होते.

खासगी तपासनीस फलदीला माजिटने ट्रॉलिपच्या म्हाताऱ्या कुत्र्याचा जबडा उघडला आणि हसून मिटला. मग ती आपला दीर इगशान याला घेऊन किनाऱ्यावर गेली.

पेंग्विनांच्या वसाहतीचा राखणदार तोयर याने गळ्यातल्या चावीने फाटकाचं कुलूप काढलं. "चावी एकच आहे, ताई. कुंपणही धड आहे."

सगळ्या पक्ष्यांच्या मानेवर दातांच्या खुणा होत्या. एकालाही खाल्लेलं नव्हतं.

"रानमांजर!" इगशान म्हणाला.

"ते काय नऊ पक्षी मारून उपाशी परत जाईल, भाऊजी?"

कुंपणाच्या आतच तोयरचं खोपट होतं. तिथे जमिनीवर एक वाडगा होता, स्वच्छ पाण्याने भरलेला.

"कुत्रा पाळता का, तोयरभाई?"

"होता. बायको गेल्यावर बहिणीकडे पाठवला, वूस्टरला. जूनमध्ये."

इगशान बाहेर येताच कुजबुजला, "वहिनी, तो ट्रॉलिपच. कुत्रा कुंपणावरून आत टाकला असेल."

"त्या कुत्र्याच्या तोंडात एक दात नाही. मारून टाकून देणारा प्राणी म्हणजे पोट भरलेला कुत्रा. कुंपण धड, म्हणजे तो फाटकातून आला. चावी एकाचीच. आणि जूनमध्ये गेलेल्या कुत्र्यासाठी आज ताजं पाणी कोण भरतं?"

ती वळली. तोयर दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"घर खायला उठतं, ताई," तो म्हणाला. "म्हणून परत आणला. पहाटे फेरीला निघालो, खोपटाची कडी नीट लागली नाही. ओरडा ऐकून पळत आलो, तोवर..." त्याने मेलेल्या पक्ष्यांकडे बघितलं. "सतरा वर्षं मी यांना समुद्रात सांडलेल्या तेलातून काढलं, जाळ्यांतून सोडवलं. आणि दुसऱ्याच्या कुत्र्यावर आळ येताना गप्प बसलो."

त्याने कोटाची बटणं काढली. आत लोकरीच्या टोपीत दोन अंडी होती.

"यांची आई गेली. अजून ऊब आहे, बघा ना."

फलदीलाने हात लावला. होती.

साडेअकराला पक्षी-उपचार केंद्रात तोयरने अंडी दिली. अर्जात 'कारण' असं विचारलं होतं. तिथे त्याने सावकाश लिहिलं: माझा कुत्रा. माझी चूक.

मग त्याने फलदीलाला ट्रॉलिपला फोन लावायला सांगितलं.