दुसऱ्या भागातलं हसू

"कॅमेरा बंद करू नका. आधी घरच्या माणसानं नावानं हाक मारायची, पडलेल्यानं डोळे उघडून हसायचं, मगच बटण दाबायचं."

छायाचित्रकार पा इलोका जिवंत होते तोवर प्रत्येक चित्रीकरणात हे बजावायचे. खोटं का होईना, मरण अंगावर घेतलं की ते असं झटकून टाकायचं, ही नायजेरियातल्या असाबा शहरच्या सगळ्या व्हिडिओवाल्यांची रीत. ते हसू कॅसेटवर राही, पण सिनेमात कधी जात नसे. ते ज्याचं त्याचं असे.

'पेटीतली नवरी' या सिनेमाच्या पहिल्या भागात रंगभूषा करणाऱ्या उझोमानं स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या तोंडाला पांढरी पावडर लावली होती. शवपेटीत आडवी होताना एबेले म्हणाली, "ताई, दुसऱ्या कुणाला हाक मारू देऊ नकोस हं. जिथं म्हणून मी अशी पडेन, तिथं तूच ये."

"येईन गं. आता तोंड मिट, पावडर उडते."

दृश्य संपलं. उझोमानं हाक मारली. दातांतली फट दाखवत एबेले खळखळून हसली, आणि मग कॅमेरा बंद झाला.

तो भाग पार नदीपलीकडे ओनित्शाच्या बाजारात गाजला. दुसरा भाग लवकरच येणार, असं निर्माता चिडोझीनं कॅसेटच्या खोक्यावर आधीच छापून टाकलं होतं. पण तोवर पा इलोका वारले होते आणि एबेलेला दिवस गेले होते. पेटीत झोपायला तिनं साफ नकार दिला. मग चिडोझीनं मागून आणलेली मोटार, हाताशी लागतील ते नट आणि पहिल्या भागाच्या उरलेल्या फिती यांवरच सिनेमा उरकला.

कॅसेट आली तो शुक्रवार होता. उझोमाचा उपवास होता. तिन्हीसांजेची जपमाळ संपवून ती एबेलेकडे गेली आणि सगळे मिळून बघायला बसले. सिनेमात बोलण्यापेक्षा जनरेटरचाच आवाज मोठा होता.

"हे भूत आहे की वाळत घातलेली चादर?" एबेलेचा नवरा केने म्हणाला. "चिमटेसुद्धा काढले नाहीत मेल्यांनी."

एबेले हसून हसून बेजार झाली. तेवढ्यात पडद्यावर शवपेटी आली. उझोमाची हाक कापून तिथं ढोल घातला होता. पेटीतल्या नवरीनं डोळे उघडले आणि ती हसली.

एबेलेचं हसणं तिथंच तुटलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "ते माझं हसू आहे."

त्यानंतर तिला झोप लागू लागली. भर दुपारी, हातात चमचा असताना. नावानं हाक मारली की जागी व्हायची. पुढे पुढे पुष्कळ हाका माराव्या लागत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक होतं. फादर येऊन कपाळाला पवित्र तेल लावून गेले. पण ती झोपली की पोटातलं मूलही हलायचं थांबे. केने तासन्‌तास तिच्या पोटावर हात ठेवून बसे. विनोद करणं त्यानं सोडूनच दिलं.

पहिल्या सिनेमात हिला आपणच नेलं, हा विचार उझोमाला जपमाळेच्या मण्यामण्यावर टोचायचा. शेवटी ती ओनित्शाला चिडोझीच्या दुकानात गेली.

"ओगा, तुम्ही मालक आहात, तेवढं हसू काढून टाका."

"कसलं हसू, सिस्टर? सिनेमाच पडलाय. गिऱ्हाईकं दारात येऊन कॅसेटी फेकतात. म्हणतात, पेटीतली बाई नुसती झोपून राहते, उठतच नाही."

"उठत नाही?"

"आधी उठायची म्हणे. माल खराब निघाला, दुसरं काय?"

परत आलेली एक कॅसेट त्यानं लावून दाखवली. ढोल वाजला. पेटीत एबेले पडून होती. पापण्या थरथरत होत्या. कुणाची तरी वाट पाहत कान देऊन पडल्यासारखी.

उझोमा पडद्याजवळ वाकली. "एबेले."

पडद्यावरचे डोळे उघडले. दातांतली फट दिसली.

चिडोझीनं घाईघाईनं टीव्ही बंद केला. मग उरलेली खोकी त्यानं स्वतःच्या हातानं मागच्या अंगणात नेऊन जाळली.

"विकल्या गेल्या त्यांचं काय, ओगा?"

"त्या कुठं कुठं गेल्या, कुणाला ठाऊक?" तो खाली बघत म्हणाला. "चांगला काढायला हवा होता सिनेमा, सिस्टर. निदान लोकांनी शेवटपर्यंत बघितला तरी असता."

ती परतली तेव्हा केने दारातच उभा होता. "दुपारी आपली आपण उठली. सूप प्यायली, मूलही हललं. आता पुन्हा झोपलीय."

उझोमा पलंगाशी बसली. हाक मारायला तिनं तोंड उघडलं, तोच एबेले डोळे न उघडता बोलू लागली.

"निळी भिंत आहे. फ्रीजवर प्लास्टिकची फुलं. पोरं जमिनीवर बसलीत."

"कुठं गं?"

"खिडकीतून पिवळं चर्च दिसतंय. पाटीवर न्नेवी लिहिलंय."

केनेनं उझोमाकडे पाहिलं. न्नेवी गाव बसनं फार लांब नव्हतं.

"तू हाका मारत राहा," उझोमा त्याला म्हणाली. "थांबू नकोस."

तिनं डोक्याला रुमाल बांधला, जपमाळ पिशवीत टाकली आणि चपला घातल्या.

"पोरं कंटाळली," एबेले म्हणाली. "उठून चाललीत."

उझोमानं दार उघडलं.

"सगळे गेले, ताई. बाहेरून कुलूप लावलं. टीव्ही तेवढा चालूच आहे."

"निघाले गं," असं म्हणून उझोमानं दार हळूच ओढून घेतलं.